कराड ते सांगली विमानाने किती वेळ लागतो? अंतर, उड्डाणाचा वेळ आणि खरी परिस्थिती

कराड आणि सांगली यांच्यात एकही प्रवासी विमानसेवा नाही. तरीही इंटरनेटवर दोन शहरांची नावे टाकली की काही साइट अंतर आणि ‘उड्डाणाचा वेळ’ लगेच दाखवतात. तो आकडा विमानाच्या वेळापत्रकातून आलेला नसतो.

सातारा जिल्ह्यातला कराडचा विमानतळ वारुंजीजवळ आहे. कोयना धरणाच्या कामासाठी १९५०च्या दशकात तो बांधला गेला. सांगलीची जुनी धावपट्टी तासगाव रस्त्यावर कवलापूरला. या दोन जागांमधले सरळ रेषेतले अंतर साधारण ६० ते ६५ किमी भरते, रस्त्याने मात्र सुमारे ७५ किमी.

हिशोब कसा होतो? दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वांत जवळचे अंतर काढतात. मग ताशी ८०० किमीच्या आसपासचा वेग धरून भागाकार करतात आणि धावपट्टीवर चालणे, चढणे, उतरणे यासाठी अर्धा तास मिळवतात. म्हणजे ६२ किमीला ५ मिनिटे अधिक ३०, एकूण ३५ मिनिटे. यातला भागाकारच बिनकामाचा आहे, कारण एवढ्या अंतरात कोणतेही जेट विमान तो वेग गाठण्याआधीच उतरायला लागेल. लांबच्या प्रवासाला हे सूत्र बरे चालते. मुंबई ते कोल्हापूर सरळ अंतर सुमारे ३१० किमी, त्याचे उत्तर ५३ मिनिटे येते आणि प्रत्यक्षातही साधारण तासाभराचाच प्रवास आहे.

प्रशिक्षणासाठी वापरतात ते चार आसनी सेस्ना १७२ विमान ताशी सव्वादोनशे किमीच्या आसपास जाते. ते कराडहून कवलापूरवर १७-१८ मिनिटांत पोहोचेल. पण उतरणार कुठे? कवलापूरची सुमारे १६० एकर जागा वर्षानुवर्षे पडून आहे. तिथे विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची जुनी मागणी. कराडची धावपट्टी वापरात आहे, पण ती जेमतेम १,२८० मीटर लांब. छोट्या विमानांना ती पुरते. सत्तर आसनी एटीआरला भरलेल्या अवस्थेत सुरक्षितपणे उडायला त्याहून जास्त लांबी लागते. विस्ताराचा प्रस्ताव आहे, पण त्यासाठी जाणाऱ्या बागायती जमिनीवरून शेतकऱ्यांचा विरोध झाला आहे.

अंतर कमी म्हणून विमान चालत नाही, असेही नाही. स्कॉटलंडमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या बेटांदरम्यान २.७ किमीची नियमित सेवा आहे, वेळ दोन मिनिटांच्या आत. तिथे मध्ये समुद्र आहे. कराड-सांगली दरम्यान ऊस आणि एसटी आहे. विमानतळावर आधी पोहोचणे आणि तपासणी धरली, तर त्याच वेळात गाडी सांगलीत पोहोचते.

मग सांगलीकरांनी विमान कुठून पकडायचे? सर्वांत जवळचा पर्याय कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ, सांगलीपासून रस्त्याने सुमारे ५० किमी. तो छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झाला आणि नव्या टर्मिनलचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. कराडकरांनाही पुण्यापेक्षा कोल्हापूर निम्म्याने जवळ पडते. मात्र इथली उड्डाणे मोजकी असतात आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे साइटवर दिसणाऱ्या ‘वेळे’वर न जाता विमान कंपनीकडे त्या दिवसाचे उड्डाण आहे का ते पाहूनच घरून निघा.