शिवराईचे ठसे : ताम्रनाण्यांच्या प्रकारनिश्चितीचा प्रश्न आणि पनवेलचा बाजार

शिवराई हे नाव महाराष्ट्राच्या बाजारात दोन शतकांहून अधिक काळ इतके रुळलेले होते की, त्या नाण्याचा इतिहास स्वतंत्रपणे सिद्ध करावयास हवा याची जाणीव विद्वानांस उशिरा झाली. नाण्याच्या एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ एवढीच अक्षरे. शक नाही, टांकसाळीचे नाव नाही, राज्यवर्षाचा आकडा नाही. इ. स. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला त्या प्रसंगी हे नाणे सुरू झाले. आणि पुढे छत्रपतींच्या गादीवर कोणी का असेना, पेशवाईच्या अखेरीपर्यंत बहुतेक ठिकाणी तोच लेख ठोकला जात राहिला. संभाजी महाराजांच्या व शाहू महाराजांच्या नावाची ताम्रनाणी आहेत, पण ती थोडी. यामुळे हातात आलेली शिवराई शिवकालातील, शाहूकालातील की सवाई माधवरावांच्या वेळची, हे लेखावरून ठरविता येत नाही. नाणी विकणारा प्रत्येक शिवराईस ‘महाराजांच्या वेळची’ म्हणतो व घेणाराही ते मानून घेतो. इतिहासाच्या अभ्यासकास ते मानून चालत नाही. कारण शिवकालीन ताम्रचलन किती होते, त्याचे वजन काय होते, ते कोठपर्यंत पोहोचले होते, हे सर्व प्रश्न या एका ओळखीवर अवलंबून आहेत.

या प्रश्नाचा विचार पनवेलसारख्या ठिकाणी उभे राहून केला तर तो अधिक स्पष्ट होतो. पनवेल हे राजधानीचे गाव नव्हे, किंवा तेथील टांकसाळीची ख्यातीही नाही. ते खाडीकाठचे बंदर व घाटाच्या वाटेवरील पेठ. मुंबईहून होडीने यावे, पनवेलच्या खाडीत उतरावे आणि तेथून खोपोलीमार्गे बोरघाट चढून पुण्यास जावे, हा लोहमार्गापूर्वीचा प्रघात होता. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला तेव्हा या वाटेचे महत्त्व आणखी वाढले. पुढे कल्याणमार्गे लोहमार्ग घाटाकडे गेला आणि पनवेल बाजूस पडले. मात्र नाण्यांच्या दृष्टीने पनवेलचा खरा महत्त्वाचा काळ त्याच्या आधीचा आहे. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे व साष्टी घेतली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली, आणि १८१८ पर्यंत पनवेल पेशव्यांकडे राहिले. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे खाडीच्या व बंदराच्या पलीकडे कंपनीचे तांबे व अलीकडे शिवराई, अशी स्थिती होती. होडीवाल्यास, हमालास, बैलवाल्यास द्यावयाचा खुर्दा अशा पेठेत दोन्ही बाजूंनी येणार, आणि कोणत्या नाण्यास किती बट्टा हे सराफ ठरविणार, हे उघड आहे.

दोन चलनांचा हा संबंध तत्पूर्वी शंभर वर्षे सुरू झालेला होता. जेरल्ड आंजियर याच्या कारकीर्दीत १६७२ मध्ये मुंबईस कंपनीची टांकसाळ निघाली व तेथे तांब्याची नाणीही पडू लागली. दोन वर्षांनी राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला तेव्हा त्याने मांडलेल्या कलमांत मुंबईचे नाणे मराठी मुलखात चालावे असे एक कलम होते. त्यावरील उत्तराचा आशय लक्षात ठेवण्यासारखा आहे. कोणतेही नाणे चालण्यास मनाई नाही, परंतु ज्यात रयतेस तोटा होईल ते घेण्याची सक्तीही करता येणार नाही. नाणे कसाने व वजनाने इतरांच्या बरोबरीचे असेल तर ते आपोआप चालेल. राज्यकर्त्याच्या शिक्क्याहून धातूच्या किमतीस येथे अधिक मान दिलेला दिसतो. तांब्याच्या बाबतीत तर हे अधिकच खरे होते, कारण कोकणात व देशावर तांब्याच्या खाणी नव्हत्या. तांबे समुद्रमार्गे येई. जपानचे तांबे डचांच्या गलबतांतून व अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडचे तांबे कंपनीच्या जहाजांतून. तांबटाच्या दुकानातील भाव चढला की जड नाणे वितळणार आणि हलके तेवढे बाजारात उरणार, हा नियम सरकारी आज्ञेस जुमानीत नसे.

शिवराई ठोकण्याची रीत साधी होती, आणि या रीतीतच तिच्या अभ्यासाची किल्ली आहे. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसविलेला असे. त्यावर तांब्याची चकती ठेवावयाची, वर दुसरा ठसा हाताने धरावयाचा व घणाचा घाव घालावयाचा. ठसे हाताने कोरलेले. एक ठसा झिजला वा फुटला की कारागीर दुसरा कोरी, आणि तो पहिल्याची हुबेहूब नक्कल कधीच नसे. कोठे ‘शिव’, कोठे ‘सिव’, कोठे ‘सीव’. कोठे ‘पति’ तर कोठे ‘पती’. अक्षरांची ठेवण निराळी, कडेच्या ठिपक्यांचे अंतर निराळे, मध्येच चंद्र, सूर्य, फूल वा पान यांसारखे लहान चिन्ह. घाव वरच्या ठशावर प्रत्यक्ष बसत असल्यामुळे तो लवकर निकामी होई, खालचा अधिक टिके. म्हणून खालचा एकच ठसा वरच्या अनेक ठशांशी जोडलेला सापडतो. अशी जोडी लागली की ती सर्व नाणी एका टांकसाळीची व जवळपासच्या काळातील आहेत हे लेखाच्या मदतीवाचून सिद्ध होते. ठशास गेलेली चीर नाण्यागणिक वाढत गेलेली दिसली, तर कोणते नाणे आधीचे व कोणते नंतरचे हेही सांगता येते. शक नसलेल्या नाण्याच्या बाबतीत कालक्रम लावण्याचे एवढे विश्वसनीय साधन दुसरे नाही.

यात एक अडचण आहे. ठसा चकतीहून मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर ‘श्री’चा माथा व ‘राजा’ उमटतो, दुसऱ्यावर ‘राजा’ व ‘शिव’चा अर्धा भाग, पूर्ण ठसा एका नाण्यावर क्वचितच मिळतो. एका ठशाची दहावीस नाणी शेजारी मांडली तरच तो कागदावर पुरा उतरविता येतो. निवडक, सुबक अशा पन्नास शिवराया पेटीत ठेवणाऱ्या संग्राहकाच्या हातून हे काम होणे शक्य नाही. येथे संख्या हवी, आणि झिजकी, वेडीवाकडी, बाजारात कोणी न विचारणारी नाणीही हवीत.

ही संख्या प्रथम जमविली ती रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांनी. अमेरिकन मराठी मिशनचे हे धर्मोपदेशक पुढे मराठी संतचरित्रांच्या इंग्रजी भाषांतरांमुळे ख्यात झाले. त्यांची ही दुसरी कामगिरी मराठी वाचकांस फारशी माहीत नाही. १८८५ पासून त्यांनी अहमदनगर, पुणे व दक्षिण कोकण या भागांतून सुमारे २५,००० शिवराया जमवून तपासल्या आणि त्यांतून जवळजवळ १५० प्रकार वेगळे केले. त्यांचा प्राथमिक अभ्यास मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या विसाव्या खंडात आहे. न्यायमूर्ती रानडे यांचा मराठी राज्यातील चलन व टांकसाळी यांवरील निबंधही त्याच खंडात यावा हा सुयोगच म्हणावयाचा. रानडे यांनी दप्तरांतील परवाने पाहिले, अ‍ॅबट यांनी नाणी पाहिली. दोघांचे काम एकमेकांस जोडून घेण्याचे कष्ट मात्र पुढच्या पिढीने पुरेसे घेतले नाहीत. रानडे यांच्या निबंधावरून दिसते की १७४४ मध्ये कुलाब्याकडे रेवदंडा व नागोठणे येथे तांब्याचे नाणे पाडण्याचे परवाने खाजगी व्यक्तींस मिळाले होते. नागोठणे पनवेलच्या दक्षिणेस फार दूर नाही. तेव्हा पनवेलच्या आसपास सापडणारी शिवराई रायगडची किंवा पुण्याची असेलच असे नाही. ती नागोठण्याच्या परवानेदाराची असू शकते, आणि हे ठरविण्याचा मार्ग ठशांच्या जोडणीतूनच जातो.

अ‍ॅबट ज्या देशातून आले त्या देशातही याच सुमारास असाच उद्योग चालू होता, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत नाही. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया येथील टांकसाळीतून १७९३ पासून तांब्याचे मोठे सेंट पडू लागले आणि १८५७ मध्ये ते बंद झाले. बंद होताच लोकांस त्यांची ओढ लागली. फिलाडेल्फियाचे एक वैद्य एडवर्ड मॅरिस यांनी १८६९ मध्ये एकट्या १७९४ सालच्या सेंटांचे ठसे वेगळे केले व त्यांस ‘दुहेरी हनुवटी’सारखी विनोदी नावे दिली, १८८१ मध्ये त्यांनी न्यू जर्सीच्या ताम्रनाण्यांची वर्गवारी प्रसिद्ध केली. सिल्व्हेस्टर क्रॉस्बी यांचा अमेरिकेच्या आरंभीच्या नाण्यांवरील ग्रंथ १८७५ चा. पुढे १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी १७९३ ते १८१४ पर्यंतच्या सेंटांच्या प्रत्येक ठसेजोडीस क्रमांक दिला, आणि आज तेथील साधा संग्राहकही त्या क्रमांकाने नाणे ओळखतो. त्या सेंटांवर साल कोरलेले आहे. टांकसाळ एक, तिचे कागदपत्र उपलब्ध. तेथे ठशांचा अभ्यास हा बव्हंशी संग्राहकाचा छंद आहे. शिवराईच्या बाबतीत मात्र तो इतिहासाची गरज आहे, आणि ज्यास गरज कमी त्याने काम पुरे करावे व ज्यास अधिक त्याने ते अर्धवट सोडावे, असा हा प्रकार झाला.

दोन्हीकडच्या तांब्याचा एक प्रत्यक्ष संबंधही आहे. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे मॅथ्यू बोल्टन याच्या कारखान्यात वाफेच्या यंत्रावर मुंबई इलाख्यासाठी १७९१, १७९४ व १८०४ या सालांचे पैसे पडले. त्यांवर तराजू व त्याखाली ‘अदल’ हा फार्सी शब्द आहे. त्याच बोल्टनच्या कारखान्यातून १७९७ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या टांकसाळीस सेंटासाठी कोऱ्या चकत्या जाऊ लागल्या. गोल, सारख्या वजनाचा, यंत्राने पाडलेला तो पैसा मुंबईहून होडीने पनवेलास येई तेव्हा त्याच्या शेजारी नागोठण्याच्या वा पुण्याच्या सोनाराने हाताने ठोकलेली शिवराई पडलेली असे. सामान्य समजूत अशी की यंत्राच्या नाण्याने हाताच्या नाण्यास हटविले. तसे झाले नाही. १८१८ मध्ये राज्य गेले, १८३५ मध्ये कंपनीच्या सर्व मुलखात एक नाणेपद्धती आली, तरी शिवराई एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गावोगावी चालत होती. अ‍ॅबट यांस पंचवीस हजार नाणी मिळाली ती काही पुरलेल्या हंड्यांतून नव्हेत.

वजनाचे प्रमाण हे दुसरे साधन. जुन्या वळणाच्या, रेखीव अक्षरांच्या व ठिपक्यांचे वर्तुळ असलेल्या शिवराया साधारणपणे ११ ते १३ ग्रॅम भरतात. पेशवाईच्या उत्तरार्धातील ‘दुदांडी’ शिवराई, जिच्यावर ‘छत्र’ व ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतात, ती याहून हलकी असते. पण केवळ वजनावर काळ ठरविणे धोक्याचे आहे. शंभर वर्षे हातोहात फिरलेले जड नाणे झिजून हलके होते, आणि लोभी परवानेदाराचे नाणे आरंभापासूनच हलके असते. ठसा ताजा असून वजन कमी, की ठसा पुसट असून वजन कमी, हे एकत्र पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. कृ. कृ. माहेश्वरी व केनेथ विगिन्स यांच्या मराठी टांकसाळींवरील १९८९ च्या ग्रंथाने टांकसाळींची मांडणी पुष्कळ पुढे नेली. ताम्रनाण्यांच्या ठशांची साद्यंत यादी मात्र अद्याप व्हावयाची आहे.

आणि ती करावयाचे साहित्य नाहीसे होत आहे. पूर्वी तांबटाच्या मुशीत गेले ते गेले. आता निराळे संकट आहे. नाणी किलोवर विकत घेऊन त्यांतील चार स्पष्ट नाणी बाजूस काढावयाची, ती चिंचेने किंवा आम्लाने घासून लखलखीत करावयाची व बाकीची भंगारात द्यावयाची, ही रीत रूढ होत चालली आहे. घासण्याने चिरेच्या बारीक रेषा जातात आणि वजनही बदलते. निवडण्याने ठशांची साखळी तुटते. १८७८ च्या निखातनिधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा पुरलेला ठेवा सापडल्यास सरकारास कळविणे बंधनकारक आहे; पण एकेकटी मिळणारी तांब्याची नाणी त्याच्या कक्षेत क्वचितच येतात. पनवेल तालुक्यात १९७० नंतर नव्या शहराच्या उभारणीसाठी जेवढी जमीन उकरली गेली तेवढी पूर्वी कधी उकरली गेली नव्हती. अशा मातीत मिळालेल्या शिवराईची किंमत तिच्या सुबकपणात नसून ‘ही अमुक गावाच्या अमुक शेतात, अमुक नाण्यांच्या सोबत सापडली’ या एका ओळीत आहे. ती ओळ लिहून ठेवली गेली नाही, तर शिवकालीन नाणे व नागोठण्याचे नाणे एकाच पिशवीत पडतात आणि पुन्हा कधी वेगळे होत नाहीत.

विद्यार्थ्यास हे काम करण्यास फारसे साहित्य लागत नाही. एक बारीक काटा, दोन्ही बाजूंची एकाच मापाने घेतलेली छायाचित्रे, प्रत्येक नाण्यास वेगळे पाकीट आणि त्यावर गावाचे नाव. पनवेल, कर्नाळा, आपटे, नागोठणे, रेवदंडा या पट्ट्यातील घरोघरच्या देव्हाऱ्यांत व फडताळांत पडून असलेल्या शिवराया अशा रीतीने, न घासता, न निवडता टिपून घेतल्या, तर रेवदंडा व नागोठणे येथील १७४४ च्या परवान्यांची नाणी कोणती, या प्रश्नास प्रथम हात घालता येईल.