मेहवासी संस्थाने

महाराष्ट्र राज्याच्या नंदुरबार जिल्ह्यातील, सातपुड्याच्या पश्चिम भागातील भिल्ल प्रमुखांच्या पूर्वीच्या सहा जहागिरी. चिखली, काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी व नवलपूर ही त्यांची नावे. त्यांचा प्रदेश मुख्यत्वे सध्याच्या अक्कलकुवा तालुक्यात मोडतो. ‘महीवासी’ म्हणजे मही नदीकाठचे रहिवासी, यावरून हा शब्द आला असे सांगतात. गुजरातेत मात्र सारा न देणाऱ्या बंडखोर गावांसही तो लावीत. ‘संस्थान’ ही संज्ञा काहीशी भारदस्तच म्हणावयास हवी, कारण ही जहागिरे ब्रिटिश मुलखातच गणली जात.

मोगल व मराठे यांची सत्ता प्रामुख्याने सपाटीवर चाले. डोंगरांतील प्रमुख बव्हंशी स्वतंत्र होते. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला. केवळ लष्करी बळाने भिल्लांचा बंदोबस्त होईना, तेव्हा १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली व प्रमुखांना नेमणुका देऊन घाटवाटांच्या रक्षणाचे काम सोपविण्यात आले. १८४६ च्या कायद्याने येथील न्यायदान खानदेशच्या कलेक्टरकडे, एजंट या नात्याने, देण्यात आले. स्थानिक प्रमुखांकरवी राज्य करण्याची हीच रीत पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी लुगार्डने पश्चिम आफ्रिकेतील उत्तर नायजेरियात अमीरांच्या बाबतीत अवलंबिली. दोन्हीकडे सरकारदरबारी प्रमुखांच्या हक्कांची नोंद झाली. जमीन कसणारा बहुधा अलिखितच राहिला.

येथील लोक मुख्यतः भिल्ल असून पाडवी, वसावे ही आडनावे विशेष आढळतात. काठीचे प्रमुख पाडवी घराण्यातील होत. याहामोगी ही त्यांची प्रमुख देवता. तिचे ठाणे गुजरातेतील देवमोगरा येथे आहे. काठीची राजवाडी होळी प्रसिद्ध आहे. उंच बांबू उभारून पहाटे होळी पेटवितात. अंगावर राखेची नक्षी काढून, कमरेस घुंगरू बांधून नवस फेडणारे रात्रभर नाचतात.

१९६१ च्या विनियमाने प्रमुखांचे मालकी हक्क संपुष्टात आले. तथापि वनजमिनीवरील शेतीचा प्रश्न मिटला नाही. पुढे सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील मणिबेली हे पहिले. वनहक्क कायद्याने (२००६) दावे मांडण्याची सोय झाली; मात्र कसणुकीचा पुरावा दावेदारासच द्यावा लागतो आणि जुन्या दप्तरांत तो क्वचितच सापडतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याच्या १६,४८,२९५ लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ६९ टक्के होते.