एमी वाइनहाउस: दुःखाचा सूर की रियाझाचा?

एमी वाइनहाउस २३ जुलै २०११ रोजी लंडनच्या कॅमडन भागातल्या आपल्या घरी मरण पावली. वय २७. तिच्या हयातीत तिचे अवघे दोन अल्बम निघाले, २००३ साली 'फ्रँक' आणि २००६ साली 'बॅक टू ब्लॅक'. एवढीशी शिदोरी मागे ठेवून गेलेल्या गायिकेवर इतकी वर्षं वाद चालावा ही तशी नवलाचीच गोष्ट. पण तो चालतो. तिचे चाहते अजूनही तावातावाने भांडतात. कुणी म्हणतं, तिचं गाणं तिच्या दुःखातून आलं, ती सुखात असती तर असं गाऊच शकली नसती. कुणी म्हणतं, तिला नवऱ्याने बिघडवलं. कुणी बापाला दोष देतं, कुणी लंडनच्या वर्तमानपत्रांना. आणि काहीजण असेही आहेत, ज्यांच्या मते ती मुळात एवढी मोठी नव्हतीच, अकाली मरणाने मोठी झाली.

ह्या सगळ्या भांडणात एक गोष्ट हटकून मागे पडते. ती म्हणजे तिचं गाणं, आणि ते तिने कसं कमावलं. त्याच अंगाने थोडं पाहावं म्हणून हा लेख.

आपल्या गोमंतकीयांना जॅझ तसा परका नाही. हळदोण्याचा चिक चॉकलेट मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट वाजवायचा, तेव्हा लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. इगर्जीच्या शाळांत सोल्फेज गिरवलेली आपली कितीतरी मुलं पोटापाण्यासाठी मुंबईला गेली आणि तिथे हे संगीत वाजवू लागली. तेव्हा जॅझ शिकावा लागतो, ऐकून ऐकून अंगात मुरवावा लागतो, हे गोव्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एमीच्या बाबतीत मात्र नेमकं हेच विसरलं जातं.

तिचा जन्म १४ सप्टेंबर १९८३ चा, उत्तर लंडनमधल्या एका ज्यू कुटुंबातला. वडील मिच पुढे टॅक्सी चालवायचे आणि घरात फ्रँक सिनात्राची गाणी गुणगुणायचे. आईच्या बाजूचे मामा व्यवसायाने जॅझ वादक. वडिलांची आई सिंथिया स्वतः गायची. लंडनच्या सोहो भागात ज्याने १९५९ साली प्रसिद्ध जॅझ क्लब काढला, त्या रॉनी स्कॉटशी एकेकाळी तिची जवळीक होती. अशा घरात पोर वाढली. आईवडील वेगळे झाले तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. सिंथियावर तिचा फार जीव.

बाकीची मुलं त्या काळचं पॉप ऐकत होती, तेव्हा ही डायना वॉशिंग्टन आणि सारा व्हॉन ऐकत होती, थेलोनियस मंकचा पियानो ऐकत होती. त्याच जोडीला लॉरिन हिल आणि सॉल्ट-एन-पेपा यांचं हिप-हॉपही. सोळा-सतरा वर्षांची असताना ती नॅशनल यूथ जॅझ ऑर्केस्ट्राबरोबर गात होती. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदापुढे उभं राहून जुनी जॅझ गाणी म्हणणं हा काही पोरखेळ नव्हे. ताल कुठे सोडायचा, शब्द किंचित मागे ठेवून समेवर कसा आणायचा, हे तिला त्या वयात ठाऊक होतं. मैफिलीत बसणाऱ्या आपल्या श्रोत्यांना ही गंमत लगेच कळेल. लयीशी असा खेळ करायला आधी लय पक्की असावी लागते.

'फ्रँक' निघाला तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्यातल्या 'स्ट्राँगर दॅन मी' ह्या गाण्याला २००४ साली आयव्हर नॉव्हेलो हा गीतलेखनाचा मानाचा पुरस्कार मिळाला. मोठं दुःख, मोठं व्यसन ह्या सगळ्या गोष्टी अजून पुढे होत्या. गाणं मात्र आधीच आलेलं होतं. दुःखवादी चाहत्यांनी हा कालक्रम एकदा नीट मांडून पाहावा.

आता 'बॅक टू ब्लॅक'कडे येऊ. इथे दुःख आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. ब्लेक फील्डर-सिव्हिल तिला सोडून गेला होता, मे २००६ मध्ये आजी सिंथिया गेली. पण दुःख तर जगात कुणाला चुकलंय? प्रेमभंग झालेली माणसं लाखांनी असतात, त्यातून असा अल्बम कितीजणांचा झाला? मार्क रॉन्सन ह्या निर्मात्याबरोबर तिचं काम न्यूयॉर्कला सुरू झालं. एमीला साठच्या दशकातल्या मुलींच्या गायनगटांचा, विशेषतः शँग्री-लाज यांचा नाद लागला होता. तिने ती गाणी त्याला ऐकवली. त्याने रातोरात पियानोवर एक चाल बसवली आणि दुसऱ्या दिवशी तिने काही वेळातच शब्द लिहून काढले. अल्बमचं शीर्षकगीत असं झालं. उरलेल्या गाण्यांपैकी बरीच सलाम रेमी ह्या तिच्या जुन्या सहकाऱ्याबरोबर केलेली. म्हणजे ज्या दिवसांत हा अल्बम झाला, ते कामाचे दिवस होते. डोकं ठिकाणावर असलेल्या, आपल्याला काय हवंय ते अचूक ठाऊक असलेल्या बाईचे दिवस.

इथे चाहत्यांच्या वादाचा आणखी एक पदर आहे, आणि तो खरा महत्त्वाचा. 'बॅक टू ब्लॅक'मधला तो जुना, उबदार आवाज ब्रुकलिनच्या डॅप्टोन स्टुडिओतल्या डॅप-किंग्ज ह्या वादकांचा. हे वादक शॅरन जोन्स ह्या कृष्णवर्णीय गायिकेचे साथीदार. शॅरन जोन्सचा जन्म १९५६ चा. पोटासाठी तिने रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकऱ्याची नोकरीही केली होती, आणि तिचा पहिला अल्बम निघाला तो चाळिशी उलटल्यावर. तिचीच साथ घेऊन लंडनची विशीतली गोरी मुलगी जगभर गाजली. २०१६ साली शॅरन कर्करोगाने गेली, तेव्हा तिच्या चाहत्यांच्या मनात ही सल होतीच. सोल आणि जॅझ हे मुळात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं धन. त्यावरची कीर्ती आणि पैसा गोऱ्यांकडे जातो, हे दुखणं एमीपेक्षा फार जुनं. एमीला ह्यात दोषी धरता येणार नाही. आपण कुणाकडून शिकलो हे तिने कधी लपवलं नाही. पण तिच्या नावाचा जयजयकार करताना शॅरन जोन्सचं नाव न घेणं हा आपला, ऐकणाऱ्यांचा दोष मात्र नक्की.

आणि मग पुढची पाच वर्षं. मे २००७ मध्ये तिने ब्लेकशी लग्न केलं, २००९ मध्ये घटस्फोट झाला. मधल्या काळात अमली पदार्थ, दारू, आणि किशोरवयापासून छळणारा खाण्याचा आजार. खायचं आणि ओकून टाकायचं. त्या आजाराने तिला किती पोखरलं होतं हे तिच्या भावाने २०१३ साली उघड सांगितलं. १० फेब्रुवारी २००८ रोजी तिला एका रात्रीत पाच ग्रॅमी मिळाले. अमेरिकेच्या व्हिसाच्या घोळामुळे ती लंडनहूनच उपग्रहाद्वारे गायली. त्याच सुमारास वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार तिच्या दारात रात्रंदिवस ठाण मांडून होते, आणि दूरदर्शनवरचे विनोदवीर तिच्यावर हशे वसूल करत होते. एका आजारी मुलीची चेष्टा चालली होती आणि ती सगळ्यांना करमणूक वाटत होती.

ह्या पाच वर्षांत नवा अल्बम किती निघाला? एकही नाही. दुःखातून कला जन्मते म्हणणाऱ्यांना माझा एवढाच प्रश्न आहे. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात जास्त दुःख ज्या वर्षांत होतं, त्याच वर्षांत तिची लेखणी का थांबली? १८ जून २०११ रोजी बेलग्रेडच्या मैफिलीत ती उभी राहू शकत नव्हती, शब्द आठवत नव्हते. लोकांनी हुर्यो केली. उरलेला दौरा रद्द झाला. साधारण महिन्याभराने ती गेली. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ४१६ मिलिग्रॅम मद्यार्क सापडला, ब्रिटनमध्ये त्या वेळी गाडी चालवायला जी मर्यादा होती तिच्या पाच पट. अमली पदार्थ सापडले नाहीत. चौकशी दोनदा झाली, कारण पहिली करणाऱ्या अधिकाऱ्याची पात्रता पुरेशी नव्हती. २०१३ सालीही निष्कर्ष तोच निघाला, अपघाती मृत्यू.

ती २७ व्या वर्षी गेली म्हणून जिमी हेंड्रिक्स, जॅनिस जॉप्लिन, जिम मॉरिसन, कर्ट कोबेन यांच्या पंक्तीत तिला लगेच बसवण्यात आलं. ह्या आकड्याभोवती एक गूढ वलय तयार झालंय. त्याच वर्षी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिला क्रमांक मिळवलेल्या हजारावर संगीतकारांचा अभ्यास छापून आला. २७ व्या वर्षी मृत्यूचा काही खास धोका असतो असं त्यात दिसलं नाही. विशी-तिशीतल्या प्रसिद्ध संगीतकारांना सर्वसाधारण माणसांपेक्षा दोन-तीन पट धोका असतो, एवढं मात्र दिसलं. सत्तावीसमध्ये जादू नाही. धोका त्या जगण्यात आहे.

मग दोष कुणाचा? २०१५ साली आसिफ कापडिया यांचा 'एमी' हा माहितीपट आला, पुढे त्याला ऑस्करही मिळालं. त्यात वडील आणि नवरा यांच्यावर कठोर प्रकाश पडतो. 'रीहॅब' ह्या गाण्यामागची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. तिच्या जवळच्या माणसांनी तिला व्यसनमुक्तीसाठी दाखल करायचं ठरवलं, आणि वडिलांनी गरज नाही म्हटलं. मिच यांची तक्रार अशी, की आपण 'त्या वेळी गरज नव्हती' असं म्हणालो होतो, 'त्या वेळी' हे शब्द माहितीपटात कापले. २०२४ साली सॅम टेलर-जॉन्सन यांचा 'बॅक टू ब्लॅक' हा चित्रपट आला, तर त्याच्यावर उलटी टीका झाली. त्यात बाप आणि नवरा दोघेही फार गोड दाखवले म्हणून. अशा रीतीने खटला चालूच आहे, आणि जिच्या नावाने तो चालतो ती साक्ष द्यायला नाही.

तिच्या मागे उरलेल्या ध्वनिमुद्रणांवरही असंच भांडण. डिसेंबर २०११ मध्ये 'लायनेस' नावाने तिची शिल्लक गाणी निघाली. पुढे २०१५ साली युनिव्हर्सल कंपनीच्या ब्रिटनमधल्या प्रमुखाने सांगितलं, की तिच्या अपुऱ्या गाण्यांची कच्ची मुद्रणं आपण नष्ट केली, उद्या कुणी ती जोडूनतोडून विकू नयेत म्हणून. काही चाहते हळहळले. मला ते योग्य वाटतं. जे तिने पुरं केलं नाही ते तिच्या नावाने पुरं करण्याचा हक्क कुणालाच नाही.

हा वाद तिच्यापासून सुरू झालेला नाही. बिली हॉलिडे १९५९ साली न्यूयॉर्कच्या रुग्णालयात ४४ व्या वर्षी गेली, तेव्हा तिच्या खोलीबाहेर पोलिसांचा पहारा होता. मरणशय्येवरच तिला अमली पदार्थांसाठी अटक झाली होती. तिच्या अखेरच्या काळातल्या चिरलेल्या आवाजात जास्त सत्य आहे की ते एका उद्ध्वस्त बाईचं प्रदर्शन आहे, ह्यावर रसिक अजून भांडतात. आपल्याकडेही जुन्या नाटकमंडळ्यांच्या आठवणी सांगताना 'व्यसन होतं म्हणून तो सूर लागायचा' असं कौतुकाने बोलणारे भेटतातच.

त्यांना मी टोनी बेनेटचं उदाहरण देईन. मार्च २०११ मध्ये एमीने त्याच्याबरोबर लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत 'बॉडी अँड सोल' हे १९३० सालचं गाणं मुद्रित केलं. स्टुडिओतलं तिचं हे शेवटचं काम. ती खूप घाबरली होती, स्वतःवरच चिडत होती, पुन्हा पुन्हा थांबत होती. बेनेटने तिला म्हटलं, तुझ्या गाण्यात मला डायना वॉशिंग्टन ऐकू येते. तिचा चेहरा उजळला आणि गाणं लागलं. ह्याच बेनेटला १९७९ साली कोकेनच्या अतिसेवनाने मरणाच्या दारात नेलं होतं. तो त्यातून बाहेर पडला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ९५ व्या वाढदिवशी न्यूयॉर्कच्या रंगमंचावर गात होता. व्यसन सुटलं म्हणून त्याचा सूर गेला नाही. उलट सूर उरला तो व्यसन सुटलं म्हणून.

एमीलाही तसं म्हातारपण मिळू शकलं असतं. साठीतली, सत्तरीतली एमी कशी गायली असती, हा विचार मला तिच्या मरणापेक्षा जास्त अस्वस्थ करतो. वाद घालायचाच असेल तर तिच्या स्वरांवर घालावा. ती शब्द कुठे तोडते, तालाच्या मागे किती रेंगाळते, डायना वॉशिंग्टनकडून तिने काय उचललं आणि त्यात स्वतःचं काय मिसळलं, ह्यावर खुशाल रात्री जागवाव्यात. आणि उद्या एखादा कलावंत रंगमंचावर झोकांड्या खाताना दिसला, तर हुर्यो करण्याआधी किंवा त्याला 'कलंदर' म्हणून डोक्यावर घेण्याआधी, हा माणूस आजारी आहे एवढं तरी आपल्या लक्षात यावं.