विहिरीची ऊब आणि घराचा हिशेब

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यांतील अल्लीपूर हें काळ्या मातीच्या, कापसाच्या मुलखांतील गांव. या भागांतील खोल विहिरीचें पाणी पौषांतल्या पहांटे अंगावर घेतलें तर कोमट लागतें, आणि वैशाखांतल्या दुपारीं तेंच गार वाटतें. विहीर ऋतूप्रमाणें स्वभाव पालटते असें पुष्कळांस वाटतें. परंतु पालटते ती बाहेरची हवा.

सूर्याची उष्णता मातींत फार सावकाश उतरते. तीस-चाळीस फुटांखालीं उन्हाळ्या-हिवाळ्याचा भेद जवळजवळ नाहींसा होतो, आणि तेथील उष्णमान त्या प्रदेशाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास राहतें. पॅरिसच्या वेधशाळेखालीं सुमारें 28 मीटर खोल तळघरें आहेत. तेथें ऋतु पोंचत नाहींत, हें सतराव्या शतकांतच ध्यानांत आलें होतें. 1783 सालीं लाव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाचा उष्णतामापक तेथें बसविण्यांत आला, आणि समजुतीच्या जागीं मोजमाप आलें.

ही स्थिर ऊब घरांत कशी आणावी? उष्णता आपण होऊन उष्णाकडून शीताकडेच जाते. पण मोटेनें खोल पाणी वर काढतां येतें, त्याप्रमाणें शक्ति खर्चून उष्णताही वर चढवितां येईल, असें 1852 सालीं विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील लॉर्ड केल्व्हिन, यांनीं गणितानें दाखविलें. सर्पण थेट जाळून मिळते त्याहून अधिक ऊब तेंच सर्पण यंत्रास घालून घरांत आणतां येईल, हें त्यांच्या विवेचनाचें मर्म होय. 1912 मध्यें स्वित्झर्लंडच्या हाइनरिख त्सोली यांनीं या कामीं जमिनीचीच उष्णता वापरण्याची कल्पना मांडली.

जेथें निसर्गच कढत पाणी देतो, तेथें मार्ग अधिक सोपा. 1930 सालीं आइसलंडांतील रेक्याविक शहरीं झऱ्यांचें पाणी नळानें आणून शाळा व कांहीं घरें उबदार करण्यांत आलीं. लडाखांत सुमारें 4,400 मीटर उंचीवरील पुगा खोऱ्यांत 1970 नंतरच्या दशकांत भूगर्भवेत्त्यांनीं जमिनींत छिद्रें पाडलीं, आणि एक लहान झोंपडी त्या पाण्यानें गरम ठेवून पाहिली. नांदेड जिल्ह्यांतील उनकेश्वर, ठाणें जिल्ह्यांतील वज्रेश्वरी येथेंही उष्णोदकाचे झरे आहेत. तेथें मात्र त्यांचा उपयोग मुख्यतः स्नानासाठींच झाला.

अशा योजनेची परीक्षा कशी करावी? केवळ पाणी किती कढत, एवढें पाहून भागत नाहीं. तें दर मिनिटास किती येतें, हेंही मोजावें लागतें. उष्णतेच्या पंपाची कसोटी निराळी. विजेचा एक भाग खर्चून उष्णतेचे तीन-चार भाग मिळाले, तर यंत्र चांगलें समजतात. पण या हिशेबांत पाणी खेळविणाऱ्या लहान पंपाची वीजही धरली पाहिजे. आणि एका दिवसाचा नव्हे, सबंध ऋतूचा ताळेबंद मांडला पाहिजे. वर्षानुवर्षें एकाच दिशेनें उष्णता ओढली किंवा ओतली, तर जमीनही थकते.

अल्लीपूरसारख्या गांवीं हिवाळा थोडका व उन्हाळा कडक. तेथें यंत्र उलटें चालवून घरची उष्णता मातींत सोडावी लागेल. चैत्रांत मात्र काळी माती भेगाळते, आणि कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नाहीं. नळ्या ओलाव्यापर्यंत खोल गेल्या नाहींत, तर कागदावरचें गणित उन्हाळ्यांत फसेल.

याहूनही महत्त्वाचें तें घर. त्याच जिल्ह्यांतील शेगांवीं, ज्याचें नांव 1940 सालीं सेवाग्राम झालें, गांधीजी 1936 मध्यें राहावयास आले. तेथील बापू कुटीच्या भिंती मातीच्या, छप्पर कौलारू. मातीची जाड भिंत दिवसाची उष्णता सावकाश शोषते व रात्रीं सावकाश सोडते. तीसाठीं वीज लागत नाहीं. तापलेला पत्रा किंवा उघडी सिमेंटची गच्ची हें काम करीत नाहीं. हौद गळका असेल तर मोट कितीही ओढली तरी तो भरत नाहीं. म्हणून जिल्ह्यांत नवें घर बांधणाऱ्यानें भिंत, छप्पर व सावली यांचा हिशेब आधीं करावा. त्यानंतर उरेल तेवढ्याच कामासाठीं यंत्राचा विचार करावा.