माहितीमागणीचा मजकूर

संकेतस्थळावर किंवा मोबाइल ॲपवर नाव, आधार क्रमांक, बँक खाते, उत्पन्न असा वैयक्तिक तपशील मागताना वापरलेली वाक्ये. रकान्यांची नावे, त्यांखालच्या सूचना, चूक दाखवणारे संदेश, संमतीची चौकट आणि ओटीपीचा एसएमएस हे सारे यात येते. महाराष्ट्रात हा मजकूर पुष्कळदा वाचला जात नाही, ऐकला जातो. यवतमाळ शहरालगतचे लोहारा असो की जिल्ह्यातले आडगाव, सेवा केंद्रात केंद्रचालक रकाना वाचून विचारतो आणि उत्तर टाइप करतो. बारीक अक्षरांतली सूचना अर्जदारापर्यंत पोचतच नाही. मोठ्याने वाचताच कळेल असे वाक्य, ही इथली पहिली कसोटी.

मागणी कमी कशी करावी हे कर्जमाफीच्या दोन योजनांत दिसते. २०१७च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत शेतकऱ्याला पती-पत्नीच्या आधारासह कर्जाचा तपशील ऑनलाइन भरावा लागला. कर्जाची नोंद तर बँकेत होतीच. डिसेंबर २०१९मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत बँकांच्या माहितीवरून याद्या लागल्या. शेतकऱ्याने यादीतला विशिष्ट क्रमांक घेऊन केंद्रात जायचे, अंगठा लावायचा आणि दाखवलेली थकबाकी मान्य की अमान्य एवढेच सांगायचे. अमान्य असल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जाई. हंगामात दिवसाची मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्याला न विचारलेला प्रश्न हाच मोठा दिलासा असतो.

उलट उदाहरण मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या २०२५मधील ई-केवायसीचे. कुटुंबातील कोणी सरकारी नोकरीत कायम नाही, अशा आशयाच्या विधानापुढे ‘होय’ किंवा ‘नाही’ निवडायचे होते. बोलताना आपण अशा विधानाला ‘नाही, कोणी नाही’ असेच उत्तर देतो. पडद्यावर मात्र त्या ‘नाही’चा अर्थ उलटा होतो. ‘कुटुंबात कोणी कायम सरकारी नोकरीत आहे का?’ असे सरळ विचारले असते तर गोंधळाला जागाच नव्हती. पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागणारा रकानाही, दोघेही हयात नसलेल्या बाईला अडवणारा होता. तिच्यासाठी कागदपत्रांची वेगळी सोय नंतर करावी लागली.

ओटीपीचा संदेश ‘कोणालाही सांगू नका’ म्हणतो आणि काउंटरवर तोच आकडा मोठ्याने सांगावा लागतो. हा आकडा नेमका कशाला मंजुरी देतो, ते संदेशाच्या पहिल्याच ओळीत यायला हवे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३नुसार कोणती माहिती, कशासाठी आणि तक्रार कुठे, हे संमती मागताना सांगणे बंधनकारक आहे. संमती मोकळी व विशिष्ट हवी, हेतूला लागेल तेवढ्याच माहितीपुरती हवी. ही सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. सूचना व संमतीच्या तरतुदींसाठी त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे.