काहूना लापाआऊ

काहूना लापाआऊ : हवाई बेटांच्या मूळ रहिवाशांचा पारंपरिक वैद्य. ‘काहूना’ म्हणजे एखाद्या विद्येत वा कलेत पारंगत असलेली व्यक्ती. पुरोहित, होडी बांधणारा सुतार, नक्षत्रे जाणणारा हे सर्वच आपापल्या क्षेत्रातील काहूना होत. ‘लापाआऊ’ म्हणजे औषधोपचार. पाश्चात्त्य लेखनात काहूना हा शब्द केवळ मांत्रिक ह्या अर्थाने रूढ झाला. परंतु जारणमारण करणारा ‘काहूना आनाआना’ हा वेगळा होता व वैद्याशी त्याची गल्लत करणे चुकीचे आहे. ह्या गल्लतीचे परिणाम मात्र दोघांनाही भोगावे लागले.

विद्या बहुधा घराण्यातून चालत येई. आजा किंवा आजी नातवंडांपैकी एखाद्याची लहानपणीच निवड करी आणि त्या मुलाला गुरूच्या सहवासात ठेवण्यात येई. गुरूचे काम पाहावे, ऐकावे व मुखोद्गत करावे, प्रश्न विचारू नयेत, अशी शिस्त असे. हवाईयन इतिहासकार सॅम्युएल कामाकाऊ (१८१५–७६) ह्याने स्वभाषेतील वृत्तपत्रांत लिहिलेल्या लेखांमधून ह्या शिक्षणाची माहिती मिळते. खडे मांडून मानवी देहाची आकृती तयार करीत आणि शिष्याला बोटांच्या स्पर्शाने रोगांची स्थाने शिकवीत. स्पर्शाने निदान करणारा वैद्य ‘काहूना हाहा’ म्हणून ओळखला जाई. शिक्षणाच्या अखेरीस ‘आइलोलो’ हा विधी होई. त्यात अर्पण केलेल्या डुकराच्या, कुत्र्याच्या वा माशाच्या डोक्याचा अंश शिष्य भक्षण करी. मृत्युसमयी गुरू आपला श्वास (हा) निवडलेल्या शिष्याला देई व त्याबरोबर विद्येतील दैवी सामर्थ्य (माना) संक्रांत होते, अशी श्रद्धा होती. ओआहू बेटावरील आइएआ येथील केआईवा हे देवस्थान उपचारांचे व शिक्षणाचे केंद्र होते, अशी परंपरा आहे.

औषधी वनस्पतींपैकी काही बेटांवरच्याच, तर काही पोलिनीशियन दर्यावर्दींनी होड्यांतून आणलेल्या होत्या. नोनी म्हणजे आपल्याकडील बारतोंडी, तर ओलेना म्हणजे हळद. मिऱ्याच्या कुळातील आवा ह्या वनस्पतीच्या मुळांचे पेय शामक म्हणून वापरीत. कूकुई (जंगली अक्रोड) व उहालोआ ह्यांनाही मोठे स्थान होते. वनस्पती खुडताना उजव्या हाताने कू ह्या देवाची व डाव्या हाताने हीना ह्या देवीची प्रार्थना करीत. मात्रा पुष्कळदा पाचच्या पटीत असे. मिठाच्या पाण्यात कधी हळदीचा रस मिसळून ते शुद्धीसाठी शिंपडीत. हळदीचे हे कार्य मराठी वाचकाला अपरिचित वाटणार नाही. ह्यांखेरीज ‘लोमिलोमी’ हे अंगमर्दनही उपचारांत मोडे.

तथापि औषध हे उपचाराचे एक अंग होते. रोगाचे मूळ केवळ देहात नसून ते बिघडलेल्या संबंधांतही असू शकते, मग ते आप्तांशी असोत, पूर्वजांशी असोत वा देवतांशी, ही ह्या वैद्यकाची मूळ धारणा. म्हणून औषध लागू पडत नसेल तेव्हा, आणि अनेकदा त्याआधीच, ‘होओपोनोपोनो’ (यथास्थित करणे) हा कौटुंबिक विधी करीत. घरातील ज्येष्ठ व्यक्ती किंवा काहूना ह्यांच्या नेतृत्वाखाली सर्व संबंधित एकत्र बसत. प्रारंभी प्रार्थना होई. मग अपराध (हाला) व त्यातून सर्वांभोवती पडलेली गुंतागुंत (हिहिया) एकेक थर काढून उलगडीत. बोलणे परस्परांशी न करता नेत्याला उद्देशून करायचे असे. राग वाढल्यास तो सर्वांना मौन पाळावयास लावी. कबुली व क्षमायाचना (मिही) झाल्यावर दोन्ही पक्ष एकमेकांना बंधमुक्त (काला) करीत आणि सहभोजनाने विधी संपे. एकाने क्षमा मागून भागत नसे; दुसऱ्याने सोडविले पाहिजे, हा ह्यातील कटाक्ष होय.

१७७८ मध्ये कॅप्टन कुक बेटांवर आला आणि त्यानंतर परकीय रोगांची परंपरा सुरू झाली. १८०४ च्या सुमाराची मोठी साथ, १८४८–४९ मधील गोवर व डांग्या खोकला, १८५३ मधील देवी ह्यांनी लोकसंख्येचा मोठा भाग नष्ट केला. १८३१–३२ मध्ये सु. १,३०,००० असलेली लोकसंख्या १८५३ मध्ये सु. ७३,००० वर आली. ह्या रोगांपुढे काहूना निष्प्रभ ठरला हे खरे. पण त्या काळच्या पाश्चात्त्य डॉक्टरांपाशीही त्यांतील बहुतेकांवर गुणकारी औषध नव्हते, हे सांगितले जात नाही. १८१९ मध्ये कापू ही निषेधव्यवस्था राजघराण्यानेच मोडली व पुढच्याच वर्षी ख्रिस्ती मिशनरी आले. फौजदारी कायद्याने जारणमारणाबरोबर ‘होओमानामाना’ हा व्यापक शब्दही गुन्ह्यांत घातल्यामुळे वैद्याची प्रार्थना संशयास्पद ठरली. १८६५ च्या कायद्यानुसार कुष्ठरोग्यांना मोलोकाई बेटावर पाठविण्यात येऊ लागले. आप्तांना एकत्र बसवून बरे करणाऱ्या समाजावर रोग्याला आप्तांपासून तोडण्याचा उपाय आला. ही सक्ती १९६९ पर्यंत टिकली व सु. ८,००० लोक तेथे पाठविले गेले.

पाचव्या कामेहामेहाच्या कारकीर्दीत, १८६८ मध्ये, देशी वैद्यांना परवाने देण्यासाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. अमेरिकेने बेटे सामील करून घेतल्यानंतर (१८९८) १९१९ मध्ये पुन्हा परवानापद्धती आली; परंतु मान्यता वनौषधींना होती, विधींना नव्हे. विद्या घरांतून गुप्तपणे चालू राहिली. मेरी कावेना पुकुई (१८९५–१९८६) ह्या विदुषीने सहकाऱ्यांसह लिहिलेल्या व १९७२ पासून प्रसिद्ध झालेल्या नाना इ के कुमू ह्या ग्रंथाने होओपोनोपोनोची प्रमाणभूत माहिती उपलब्ध झाली.

मॉर्ना सिमिओना (१९१३–९२) ह्या काहूनेने १९७० नंतरच्या दशकात ह्या विधीला व्यक्तीने एकट्याने करावयाच्या साधनेचे रूप दिले. तिच्या ज्ञानाबद्दल शंका नाही. १९८३ मध्ये ‘हवाईचे जिवंत वैभव’ म्हणून तिचा गौरवही झाला. पण ह्या रूपांतरात समोर बसलेला आप्त गळाला, आणि पुढे झालेल्या प्रसारात तर चार लहान वाक्ये तेवढी उरली. आज मराठी वाचकाला हा शब्द भेटतो तो प्रायः ह्याच रूपात. मॅक्स फ्रीडम लाँग (१८९०–१९७१) ह्या अमेरिकन लेखकाचा ‘हूना’ पंथ तर हवाईयन परंपरेत कोठेही आढळत नाही.

१९९८ च्या राज्य कायद्याने पारंपरिक हवाईयन उपचारकांना वैद्यकीय परवान्यातून सूट देण्यात आली. उपचारक कोणाला मानावे, हे ठरविण्याचे काम कायद्याने मूळ हवाईयन ज्येष्ठांच्या मंडळांकडे सोपविले आहे.