चिरुटाची ओढ : हात, साचा आणि छाट

चिरूट पेटवला आणि धूरच आला नाही, तर ओढणारा काय करतो? दोन-तीनदा गाल आत ओढतो, चिरुटाकडे रागाने पाहतो आणि ‘भिकार माल!’ म्हणून तो फेकून देतो. माल भिकार का झाला, कोणाच्या हातून झाला आणि त्या हातावर तशी वेळ कोणी आणली, याचा विचार तो करीत नाही. त्याने तो करावा अशी अपेक्षाही नाही. त्याने पैसे मोजलेले असतात. परंतु चिरूट वळणाऱ्याला मात्र या एका दोषापायी पिढ्यान्‌पिढ्या जाब द्यावा लागला आहे. चिरुटाचा इतिहास बड्या लोकांच्या दिवाणखान्यातून सांगण्याची रीत आहे. मी तो वळणाऱ्याच्या पाटापासून सांगणार आहे. माझे आयुष्य विडी कामगारांत गेले, म्हणून मला तो तिथूनच दिसतो. तंबाखूची भलावण करण्याचा यात हेतू नाही. तिने कर्करोग होतो हे सिद्ध झाले आहे, आणि तिची धूळ वळणाऱ्यांच्याही छातीत जाते. पण जी वस्तू लाखो हातांनी घडवली, तिचा इतिहास त्या हातांसाठी तरी समजून घेतला पाहिजे.

चिरूट हा शब्द आपल्याकडे तमिळमधून आला, आणि त्याचा मूळ अर्थच मुळी गुंडाळी असा आहे. सिगारेटसारखी कागदाची नळी त्याला नसते. तो सगळा पानांचाच. आत भरणीची पाने, त्यांना आवळून धरणारे बंधाचे पान आणि वर दिसणारे नितळ वेष्टनाचे पान. गिऱ्हाईक पाहते ते वेष्टन. ओढ ठरते ती भरणीवर. पेटलेल्या टोकापासून तोंडाच्या टोकापर्यंत हवेला वाट हवी, आणि ती वाट भरणीच्या घड्यांमधून जाते.

या घड्या घालण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. पाने एकावर एक ठेवून वहीसारखी मिटली की काम झटपट होते. परंतु घडीच्या अंगाला पाने दाटतात, दुसरे अंग मोकळे राहते, आणि मग चिरूट एका बाजूने जळत जाण्याचा संभव असतो. लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात तशी पाने चुणून धरली, तर प्रत्येक निरीमागे हवेची एक बारीक वाट राहते. तिसरी रीत सर्वांत कष्टाची. तीत प्रत्येक पानाची वेगळी सैल नळी करतात आणि मग त्या नळ्या एकत्र बांधतात. तिची ओढ उत्तम, पण तिला वेळही सर्वांत जास्त लागतो.

एखादे पान पिळले गेले किंवा मधल्या शिरेचा तुकडा आत राहिला, की गाठ पडते आणि धूर अडतो. भरणी जास्त झाली तरी तेच. उलट भरणी कमी पडली, तर हवा भसाभस शिरते, चिरूट तापतो, धूर तिखट लागतो आणि माल लवकर जळून जातो. म्हणजे गच्च चालत नाही आणि सैलही चालत नाही. दोहोंमधले अंतर फार थोडे असते. भौतिकशास्त्राचा नियम असा आहे की, बारीक नळीचा व्यास निम्मा केला आणि जोर तेवढाच ठेवला, तर तिच्यातून जाणारा प्रवाह निम्मा न राहता सोळावा हिस्सा उरतो. चिरुटातल्या वाटा काही सरळ नळ्या नव्हेत. तरी वाट जरा अरुंद झाली की ओढ एकदम का बसते, हे यावरून ध्यानात येईल.

आणखी एक गोष्ट पानाच्या ओलाव्याची. पान दमट असेल तर ते फुगते आणि हवेच्या वाटा बुजतात. कोरडे ठणठणीत असेल तर ते तडकते आणि भराभर जळते. पुढच्या सगळ्या इतिहासात हे लक्षात ठेवावे, कारण ओलावा हा वळणाऱ्याच्या हातचा गुण नव्हे. पान जसे मिळेल तसे त्याला वळावे लागते.

आता हवानाला जाऊ. एकोणिसाव्या शतकात चिरुटाची राजधानी तीच होती. तिथल्या कारखान्यांत लांब दालनात कामगार ओळीने बसत. पुढ्यात पाट आणि हातात अर्धचंद्राकार पाते, एवढीच त्यांची हत्यारे. भरणी पुरेशी झाली की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. मुठीत धरलेल्या पानांचा दाब बोटांना कळावा लागतो. हात असे आपल्या कामात गुंतले तरी कान मोकळे असतात, आणि या मोकळ्या कानांतून एक मोठी गोष्ट जन्माला आली. १८६५ च्या डिसेंबरात हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगारांना काम चालू असताना मोठ्याने वाचून दाखवण्याची प्रथा सुरू झाली. वाचणाऱ्याला कामगारच वर्गणी काढून पैसे देत. वर्तमानपत्रे वाचली जात, कादंबऱ्या वाचल्या जात. ‘ला आउरोरा’ या पत्राचे संपादक सातुर्निनो मार्तिनेस हे या प्रथेचे पुरस्कर्ते होते, आणि ते स्वतः चिरूट वळणारे. स्पॅनिश सरकारने धोका लगेच ओळखला आणि १८६६ साली या वाचनावर बंदी घातली. प्रथा मात्र मेली नाही. बंदी उठल्यावर ती पुन्हा रुजली. शाळेची पायरी पुरती न चढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा इतिहास का भिडतो, हे वेगळे सांगायला नको.

त्याच सुमारास या हातकौशल्याला पहिला प्रतिस्पर्धी भेटला. तो म्हणजे लाकडी साचा. दोन फळ्यांत चिरुटाच्या आकाराच्या खोबणी असतात. बांधलेली भरणी त्यांत ठेवून दाबली की आकार आयता मिळतो. जर्मनीतून हा साचा अमेरिकेत गेला. साच्याने बाहेरून सगळे चिरूट सारखे दिसू लागले. पण आत पडलेली गाठ साचा सोडवू शकत नाही, उलट दाबून ती अधिक घट्ट करतो. मालकाला मात्र त्याचा मोठा उपयोग होता. वर्षानुवर्षे शिकलेल्या कारागिराच्या जागी थोड्या दिवसांत तयार झालेला, कमी मजुरीचा माणूस बसवता येऊ लागला. न्यूयॉर्कमध्ये तर चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांत अख्खी कुटुंबे राहत्या जागीच चिरूट वळू लागली.

चिरूट कामगारांच्या संघटनेने आरंभी एक चूक केली. साच्यावर काम करणाऱ्यांबरोबर आपल्या सभासदांनी काम करू नये, असे तिने ठरवले. म्हणजे राग साच्याचा आणि शिक्षा साच्यावर बसलेल्या गरिबाला! अडॉल्फ स्ट्रासर आणि सॅम्युअल गॉम्पर्स या दोघांनी ही चूक ओळखली. गॉम्पर्स लंडनमध्ये जन्मलेला, पोरवयातच चिरूट वळायला बसलेला आणि कारखान्यातल्या वाचनावर वाढलेला. साचा हटणार नाही, तेव्हा साच्यावरच्या माणसालाच संघटनेत घेतले पाहिजे, असा त्यांचा विचार होता. १८७७ साली न्यूयॉर्कच्या हजारो चिरूट कामगारांनी संप केला. चाळींतल्या कुटुंबांनीही त्यात भाग घेतला. संप हरला, पण कारागीर आणि चाळकरी एकत्र उभे राहू शकतात हे दिसले. १८८६ साली अमेरिकन कामगार महासंघ स्थापन झाला, तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष झाला तो हाच चिरूट वळणारा गॉम्पर्स. पुढे पहिल्या महायुद्धाच्या सुमारास संबंध चिरूट वळणारी यंत्रे आली आणि अमेरिकेतला हातव्यवसाय पाहता पाहता ओसरला.

यंत्राचा आणखी एक उपयोग मात्र मला सांगितलाच पाहिजे. या शतकाच्या आरंभी क्यूबाच्या कारखान्यांत ओढ मोजणारी यंत्रे आली. साच्यातून काढलेली भरणी वेष्टन चढवण्यापूर्वी यंत्राला लावतात. यंत्र हवा ओढते आणि किती दाब लागला ते काट्यावर दिसते. गच्च निघालेली भरणी तिथेच सोडवून पुन्हा बांधता येते. यात मला महत्त्वाचे वाटते ते हे की, दोष आहे की नाही हे मुकादमाच्या मर्जीवर न राहता मापावर येते, आणि ते माप दोघांनाही दिसते.

आपल्याकडे विडीला असे माप नाही. आपल्याकडे आहे ती छाट. दिवसभर वळलेल्या विड्या बाई कारखान्याच्या शाखेत नेऊन देते. तपासणारा मूठभर बाजूला सारतो, ती छाट, आणि तिची मजुरी नाही. सोलापुरातला एक पावसाळा मला आठवतो. एका बाईच्या हजारातल्या जवळजवळ दोनशे विड्या ‘सैल आहेत, ओढत नाहीत’ म्हणून छाटल्या गेल्या. मी गेलो तेव्हा तिने घरी उरलेली तंबाखू माझ्या तळहातावर ठेवली. “भाऊ, तुम्हीच दाबून बघा,” एवढेच म्हणाली. तंबाखू दमट होती. दमट तंबाखू तराजूला भरते, हाताला भरत नाही. तोलून दिलेल्या मालात हजाराचा आकडा पुरा करायचा, म्हणजे प्रत्येक विडीत चिमूट कमी घालावी लागणार आणि विडी सैल होणार. दोष तोलात होता, दंड बोटांना झाला. पुष्कळ भांडल्यावर आम्हांला एवढेच मिळाले की, छाटलेल्या विड्या तिच्यासमोर मोडायच्या, म्हणजे त्या मागल्या दाराने विकल्या जाणार नाहीत. त्या आठवड्यापासून छाट आपोआप कमी झाली!

१९६६ साली विडी आणि सिगार कामगारांसाठी कायदा झाला. त्याखालच्या राज्यांच्या नियमांत, सर्वसाधारणपणे शेकडा ५ पेक्षा अधिक माल छाटू नये, असे बंधन घातले गेले. मालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७४ साली न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. २०२० साली संसदेने केलेल्या संहितेत हा जुना कायदा सामावून घेतला गेला. कायद्यांची नावे बदलतात. शाखेच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न बदललेला नाही.

तो प्रश्न असा : माल वाईट निघाला हे कोणी ठरवायचे, कोणत्या मापाने, आणि त्याचे कारण शोधल्यावाचून त्याची भरपाई एकट्या वळणाऱ्याने का करायची? हवानाच्या पाटावर, न्यूयॉर्कच्या चाळीत आणि सोलापूरच्या शाखेत हाच प्रश्न उभा राहिला. चिरूट आणि विडी उद्या जगातून नाहीशी झाली तर मला दुःख होणार नाही. त्या बायांना दुसरे काम मिळावे, एवढीच काळजी वाटेल. पण त्या दुसऱ्या कामातही कोणीतरी तपासणारा असेल आणि कोणाचा तरी माल बाजूला सारला जाईल. तेव्हा आधी तराजू तपासावा आणि मग हात.